सड्यावरचं विमान आणि भटजींचं जानवं

जानवं उजव्या खांद्यावर आहे हे मंदाच्या आधी मी पाहिलं होतं. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण नंतर आमच्या ऑफिसात जो तो म्हणत सुटला की मंदानं पाहिलं, मंदानं पाहिलं. पाहिलं मी. चुकीचं वाचलं तेही मीच, पण ते पुढे येईलच.

फोटो तळहाताएवढा होता. काळा-पांढरा, एका बाजूनं वाळवीनं खाल्लेला. मी भिंग डोळ्याला लावून बसलो होतो आणि शिरोडकर साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. माणूस मागे उभा राहिला की मला काम सुचत नाही, हे त्यांना तीन वर्षांत कळलं नव्हतं.

"गावसबाब, काय दिसतं?"

"विमान दिसतं."

"ते मलाही दिसतं. कुठलं?"

"साहेब, हा काय बाजारातला बांगडा की तारली आहे? वेळ लागतो."

"शुक्रवारपर्यंत सांगा. हा फोटो आपल्या जुन्या फोटोंच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जाणार." मग जाता जाता दारात थांबून म्हणाले, "आणि ह्याची ओळख जो पटवील, त्याचं नाव आत पहिलं छापायचं. तुमचं नाहीतर मंदाचं."

नाहीतर मंदाचं! हे दोन शब्द ते सहज बोलून गेले. माझा दिवस तिथेच नासला.

मी कारापूरचा गावस. अठ्ठावीस वर्षं दाबोळीच्या विमानतळावर हँगरमध्ये मेकॅनिक होतो. हँगर म्हणजे विमानाचं गॅरेज. निवृत्तीनंतर घरी बसून कंटाळलो, तेव्हा डिचोलीतल्या एका खाजगी संस्थेनं बोलावलं. ही संस्था गोव्यातल्या घराघरांतले जुने फोटो गोळा करते. त्यांत विमानांचे फोटो फार निघतात. कुणाचा मामा आफ्रिकेत होता, कुणाचा काका गल्फमध्ये, आणि प्रत्येकानं कधी ना कधी विमानाला टेकून फोटो काढलेला. मागे काही लिहिलेलं नसतं. विमान ओळखलं की साल कळतं, साल कळलं की माणूस कळतो. म्हणून माझ्यासारख्याला खुर्ची, पंखा आणि दोन वेळचा चहा.

पद्धत सोपी आहे. आधी पंख बघायचे: वर आहेत की खाली, एक जोडी की दोन. मग चाकं. मग शेपूट. मग इंजिन. आणि सगळ्यात शेवटी अंगावरची अक्षरं, कारण अक्षरं पुढे बदलली जातात, हाडं बदलत नाहीत. हँगरमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

आणि मंदा परब! पेडण्यातल्या कोरगावची, बी. कॉम. झालेली, फोटो स्कॅन करायला ठेवलेली मुलगी. तिनं जन्मात विमानाचा एक स्क्रू फिरवला नव्हता. विमानात बसलीसुद्धा नव्हती. पहिले सहा महिने ती माझ्या शेजारी बसून गुपचूप स्कॅन करायची आणि "काका, स्ट्रट म्हणजे काय?" असं विचारायची. मीच सांगितलं, पंखाला खालून टेकू देणारी दांडी म्हणजे स्ट्रट. मीच सगळं सांगितलं. मग एक दिवस एका लग्नाच्या फोटोत मागे उभं असलेलं विमान मी ओळखलं, आणि ही साहेबांसमोर हळूच म्हणते, "काका, त्याच्या चाकांवर झाकणां असतत ना? हेका नाय दिसत." बघितलं तर खरंच नव्हती. साहेब हसले. त्या दिवसापासून साहेब कुठलाही फोटो आला की आधी तिच्या टेबलाकडे वळत. एकदा परदेशातून कुणा जाणकाराचं ईमेल आलं, मंदाच्या नावानं, कौतुकाचं. साहेबांनी ते प्रिंट काढून भिंतीवर लावलं. पाण्याच्या फिल्टरच्या वर. म्हणजे पाणी प्यायचं तर ते वाचूनच प्यायचं.

सांगायला लाज कशाची? माझ्या पोटात दुखायचं. ती दुपारी डबा उघडून "काका, सोलकढी घेवा" म्हणायची, तर मला वाटायचं, चांगुलपणा दाखवते. ती चुकली की मला भूक लागायची. ती फारशी चुकत नसे.

आता हा फोटो कुठून आला ते सांगतो. तोही मंदानंच आणला, तिच्या गावच्या इंदूबाईंकडून. इंदूबाई कोरगावच्या भटजींची मुलगी, सत्तरीकडे झुकलेली. लग्नही गावातच झालेलं. गोवा मुक्त झाल्यावर चार-पाच वर्षांनी कोरगावच्या सड्यावर एक लहान विमान उतरलं होतं. सडा म्हणजे डोंगरावरचं जांभ्या दगडाचं सपाट माळरान. अख्खा गाव बघायला गेला. भटजींनी विमानाची पूजा केली आणि म्हापशाच्या एका फोटोग्राफरनं तो फोटो काढला. इथवर सगळ्यांना मान्य.

पुढे वाद होता. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर लोक गेले तर सडा मोकळा. गावात बोललं जाऊ लागलं की विमान मोडकंच होतं, खाणीवरचा ट्रक येऊन तुकडे करून घेऊन गेला. इंदूबाई सांगायच्या की नाही, विमान उडालं. पहाटे त्या आणि त्यांचे वडील पायलटला चहा आणि उंडे, म्हणजे आमच्याकडचे गोल पाव, घेऊन गेले होते. पायलटनं भटजींना शेजारी बसवून गावावरून एक फेरी मारून आणली, परत उतरवलं, आणि मग तो गेला. भटजींनी मुलीला बजावलं, कुठे बोलू नकोस, यजमान हसतील. दोन वर्षांत भटजी वारले. मग मुलगी बोलली, आणि यजमान तिलाच हसले.

"अजून चिडयतत तेंका," मंदा सांगत होती. "इंदू, तुझो बापूस इमानात बसलो तेव्हा तू शेपटाक लोंबकळत होतंस काय? असा विचारतत. नातवंडांच्या देखत. तेंका फक्त येक छापील कागद हवो, काका. इमान मोडलेला नव्हता, इतक्याच."

म्हणजे बघा, काय पणाला लागलं होतं. मला पुस्तकात पहिलं नाव हवं होतं. त्या बाईला, आपण जन्मभर खोटं बोललो नाही, एवढं हवं होतं. आणि दोन्ही त्या तळहाताएवढ्या कागदावर.

मी कामाला लागलो. विमान समोरून, जरा तिरकं. पंख वर, खाली व्ही आकाराचे स्ट्रट. पुढे दोन चाकं. शेपूट वाळवीच्या पोटात गेलेलं. नाकावर लोकांनी शाल पांघरलेली, म्हणजे इंजिनाचा आकार झाकलेला. आमचे लोक पाहुण्याला शाल घालतात, विमानालाही घातली. पंखाखाली एकच अक्षर दिसत होतं, इंग्रजी टी. त्यावरून काही ठरत नाही. उरला प्रोपेलर, पुढचा पंखा. त्याला जास्वंदीचा हार घातलेला, पण एक पातं मोकळं होतं.

आता इथे जरा लक्ष द्या. प्रोपेलरच्या पात्याला पीळ असतो, घरातल्या सीलिंग फॅनच्या पात्याला असतो तसा. त्या पिळावरून पंखा कुठल्या बाजूला फिरतो ते कळतं. अमेरिकन इंजिनं पायलटच्या जागेवरून घड्याळाच्या काट्यांसारखी फिरतात. जुन्या लहान विमानांची ब्रिटिश इंजिनं बहुतेक उलटी. हे पुस्तकात वाचून कळेल, पण फोटोत बघायचं सुचायला हातानं पंखा फिरवलेला असावा लागतो. मी हजारदा फिरवलाय.

ह्या फोटोतला पीळ उलटा होता. म्हणजे ब्रिटिश इंजिन.

मी खुर्चीतच ताठ झालो. त्या काळात आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांत पुष्पक नावाची विमानं पुष्कळ होती. पंख वर, तसेच स्ट्रट, तशीच चाकं. पण पुष्पकला अमेरिकन इंजिन. मग हे पुष्पक नाही. मग त्याच ठेवणीचं, ब्रिटिश इंजिनाचं काय? ऑटोक्रॅट! ऑटोक्रॅट आपल्याकडे आधीच मोजकी, आणि गोव्याच्या एका गावात उतरलेलं तर कुणाच्या ऐकिवातही नव्हतं. मंदानं सगळी पुस्तकं पाठ केली असती तरी तिला पात्याचा पीळ दिसला नसता. मी भिंग खाली ठेवून चहा मागवला. दोन साखरेचा.

चहा पिता पिता भटजी दिसले. विमानापुढे उघड्या अंगानं हात जोडून उभे. आणि जानवं उजव्या खांद्यावर.

आपल्यातल्या कुणालाही ह्याचा अर्थ सांगायला नको, पण ज्याला ठाऊक नसेल त्याच्यासाठी सांगतो. जानवं एरवी डाव्या खांद्यावरून उजव्या काखेखाली येतं. त्याला सव्य म्हणतात. पितरांचं कार्य असलं, श्राद्ध किंवा तर्पण, तर ते उजव्या खांद्यावर घेतात. ते अपसव्य. भटजी अपसव्य उभे होते. म्हणजे ही पूजा नव्हे, कुणीतरी गेलं होतं. कोण? पायलट! विमान आदळलं, पायलट गेला, भटजींनी तिथेच काहीतरी विधी केला आणि मोडकं विमान ट्रकनं नेलं. एका जानव्यावरून मी अख्खा अपघात उभा केला. पोलीस तपासात असं कुणी केलं तर त्याला बढती देतील, असं मला तेव्हा वाटलं. इंदूबाईंची त्यात वाट लागत होती, हेही कळत होतं. पण ओळख ती ओळख. आपण काय करणार?

गुरुवारीच टिपण लिहून टाकलं. "ऑटोक्रॅट. दुर्मिळ. कोरगावच्या सड्यावर अपघातग्रस्त. वैमानिक मृत झाला असावा. छायाचित्रात अंत्यविधीचा प्रसंग." साहेबांनी वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. थाप मंदाच्या देखत मारली, हे महत्त्वाचं.

मंदानं टिपण वाचलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"काका, कोण मेला असता तर पंख्याक हार घालतीत?"

"मेलेल्याला हार घालत नाहीत काय?"

"जास्वंदीचो? आणि ही बाय बघा. हिच्या तबकात निरांजन आसा."

"तू विमान बघ. बायका कशाला बघतेस?"

"पण विमान खंय मोडलेला दिसता? चाकां सारकी आसत."

"मंदा," मी म्हटलं, "हँगरमध्ये मी अशी विमानं बघितली आहेत की बाहेरून चकचकीत आणि आत सगळा भुगा. तुला त्यातलं काय कळतं?"

मी मोठ्यानं बोललो होतो. बाहेरच्या खोलीतलं टायपिंग थांबलं. मंदा "बरां" म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? फार बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी मी आलो तर माझ्या टेबलावर एक प्रिंट उपडी ठेवलेली. उलटवून पाहिली. तोच फोटो, पण आरशात दिसतो तसा, उजव्याचं डावं केलेला. वर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली: "काका, फोटो उलटो करून बघलंय. जानवा सारक्या झाला. पंख्याचो पीळ पण बघा. सायबाक सांगूक नाय. मंदा."

मला कळायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

जुन्या निगेटिव्हला दोन अंगं असतात, एक चकचकीत आणि एक मंद. प्रिंट काढताना मंद अंग कागदाकडे ठेवायचं. घाईत चकचकीत अंग खाली गेलं की सगळा फोटो उलटा छापला जातो. कुणाला सहसा कळत नाही, कारण माणसाचं तोंड उजवीकडून आणि डावीकडून सारखंच दिसतं. अक्षरं असली की लगेच कळतं. इथे एकच अक्षर होतं, आणि टी उलटा केला तरी टीच.

सरळ केलेल्या फोटोत भटजींचं जानवं डाव्या खांद्यावर होतं. देवपूजेला असतं तसं. पात्याचा पीळ अमेरिकन. म्हणजे इंजिन अमेरिकन. म्हणजे साधं पुष्पक, क्लबाक्लबांत असायचं ते. न मोडलेलं, शाल पांघरून आणि हार घालून निरांजनानं ओवाळलेलं. मी विमानाचं श्राद्ध घालून मोकळा झालो होतो!

अठ्ठावीस वर्षं. आणि भटजीच्या खांद्यावरचा दोरा बघून ह्या पोरीनं मला माझंच विमान शिकवावं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं साहेबांना सांगितलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. तिनं तेही केलं नव्हतं. "सायबाक सांगूक नाय." हा मोठेपणा मला जास्त झोंबला.

बाहेर टपालाच्या ट्रेमध्ये इंदूबाईंच्या नावाचा लिफाफा पडलेला होता. आत माझं टिपण, माझ्या सहीचं. फोटो देणाऱ्या प्रत्येकाला संस्था असं पत्र पाठवते. शिपाई अकराला टपाल घेऊन जातो. तेव्हा साडेनऊ वाजले होते. उठून चार पावलं चाललो असतो तर लिफाफा माझ्या हातात असता.

मी प्रिंट चिठ्ठीसकट ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर लावला. मनाला सांगितलं, नीट तपासून बघू, घाई कशाला. तपासायचं काही उरलं नव्हतं. अकराला शिपाई टपाल घेऊन गेला. मी खिडकीतून त्याची स्कूटर उतारावरून जाताना बघितली आणि मग वर्तमानपत्र उघडलं.

सोमवारी मंदानं विचारलं, "काका, बघलात?"

"बघतो. वेळ नाही."

बुधवारी परत विचारलं. मी म्हटलं, "मंदा, एका फोटोवर किती दिवस काढायचे?" मग तिनं विचारलं नाही. पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा नमुना आला. आतल्या पानावर माझं नाव पहिलं. मी ते पान मोबाइलवर काढून पुण्याच्या मुलाला पाठवलं. त्यानं अंगठा पाठवला.

पुढच्या शनिवारी इंदूबाई आल्या.

कोरगावहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, दोन बस बदलून. हातात छत्री, काखेत कापडी पिशवी. लहान चणीची बाई. चपला बाहेर काढून आल्या, आम्ही नको म्हणत असताना. मंदा धावत जाऊन पाणी घेऊन आली. साहेबांनी त्यांना आपल्या समोरच्या खुर्चीत बसवलं. मी माझ्या टेबलावरून हललो नाही. तोंड मॉनिटरमागे घेतलं.

त्यांनी पिशवीतून पत्र काढून साहेबांपुढे ठेवलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"आमच्या तज्ज्ञांनी लिहिलंय, बाई."

"भाच्यानं मोठ्यानं वाचलं. पडवीत चार माणसं बसलेली. म्हणाला, बघ इंदूमावशी, आता सरकारी कागद आला."

"सरकारी नाही हो..."

"त्यांना छापील म्हणजे सरकारी. सगळी हसली. माझी सून पण हसली. ती कधी हसली नव्हती हो. इतर हसायचे, ती नाही." त्या पाणी प्यायल्या. "मी भांडायला नाही आले. तुम्ही शिकलेली माणसं. मला एकच सांगा. तो पायलट मेला म्हणता, मग दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या हातचा चहा कोण प्यायला? कपाला उंड्याचा चुरा लागलेला, तो मी धुतला. मी नऊ वर्षांची होते, पण खुळी नव्हते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "गावसबाब?"

मंदानंही पाहिलं. ती हातातला तांब्या घेऊन भिंतीशी उभी राहिली. तिला तोंड उघडायचं होतं तर तिथे उघडता आलं असतं. एका वाक्यात माझी आठ दिवसांची ऐट उतरली असती.

मी ड्रॉवर उघडला. सुरुवात काय केली तेही सांगतो. "मी हे परत तपासलं साहेब, तेव्हा असं लक्षात आलं..." एवढं बोललो. अंगठ्याखाली पिवळी चिठ्ठी होती. ती सोलून काढायला नखभर वेळ पुरला असता. पण समोरची बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. खरं बोलतो की खोटं, हे ओळखायचा तिला साठेक वर्षांचा सराव.

"मी नाही," मी म्हटलं. "मंदानं तपासलं. पत्र टपालात जायच्या आधी तिनं मला हे दिलं होतं. मी दाबून ठेवलं."

"दाबून? का?" साहेबांनी विचारलं.

"का म्हणजे? माझं नाव पहिलं यायचं होतं म्हणून. ती बरोबर होती म्हणून. आणखी काय कारण लागतं?"

मी उठून प्रिंट इंदूबाईंपुढे ठेवली. जुन्या फोटोच्या शेजारी. मग जानवं दाखवलं, निगेटिव्ह उलटी कशी पडते ते सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण बघत होत्या ते भटजींकडे.

"बाबा भांग डावीकडे पाडायचे," त्या म्हणाल्या. "जुन्या फोटोत उजवीकडे दिसायचा. मला वाटायचं, मीच विसरले."

"विमान मोडलेलं नव्हतं," मी म्हटलं. "चाकं ठीक, पंख ठीक. रस्ता चुकून नाहीतर पेट्रोल संपत आलं म्हणून उतरलं असेल. असं विमान दुसऱ्या दिवशी उडून जायला काही अडचण नव्हती. मी तसं लिहून देतो. सही करून. तुमचे वडील त्यात बसले हे मी लिहू शकत नाही, फोटोत ते नाही. पण तुम्ही खोटं बोलत होता असं आता कुणाला म्हणता येणार नाही."

मला वाटलं, आता रडतील. त्या रडल्या नाहीत. प्रिंटवर बोट ठेवून विचारलं, "ह्या विमानात माणसं किती बसतात?"

"हे पुष्पक. दोन."

"पायलट सोडून?"

"पायलट धरून. पायलट आणि शेजारी एक."

"मागे? सामान ठेवतात तिथे लहान पोर?"

"नाही हो बाई. तिथे पिशवी ठेवायची सोय. तिसरं माणूस घेत नाहीत. आधी मी सांगत होतो त्या ऑटोक्रॅटमध्ये मागे एक सीट असते. ह्यात नाही."

त्यांनी प्रिंट जवळ ओढली. मग म्हणाल्या, "मी किटली धरून सड्यावर उभी होते. बाबा वर गेले. मी पाय आपटले, मातीत लोळले, मलाही न्या म्हणून. ते उतरले तेव्हा तोंड इतकं हसरं! मला एवढा राग आला, एवढा हेवा वाटला त्यांचा. आपण गेले, मला नेलं नाही. नंतर ते आजारी पडले, त्यांनी मला जवळ बोलावलं, तरी मी धड बोलले नाही. ते गेले. लोक म्हणतात, इंदू बापसाची बढाई मारते. बढाई कसली? मी तर त्यांच्यावर रुसलेली होते. अजून होते." बोटानं भटजींच्या तोंडावरची नसलेली धूळ पुसली. "जागाच नव्हती होय! बोलला असतात तर बाबा, जागा नाही म्हणून."

मंदा तोंड फिरवून फिल्टरकडे गेली. साहेब चष्मा पुसत बसले. मी नवीन टिपण लिहायला घेतलं, कारण दुसरं काय करायचं ते कळेना. इंदूबाई म्हणाल्या, "दोन सीट होत्या, तेही लिहा हां." लिहिलं. टिपणात सीटची संख्या लिहायची पद्धत नाही, पण लिहिलं.

पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर सरळ केलेला फोटो आहे. आत मंदाचं नाव पहिलं, माझं दुसरं. तसं मीच लिहून दिलं. साहेबांनी मला काढलं नाही. पंधरा दिवस गावसबाब म्हणायचं सोडून नुसतं गावस म्हणाले, तेवढीच शिक्षा. कोरगावला इंदूबाईंच्या सुनेनं नवीन पत्र काच लावून पडवीत टांगलंय, असं मंदा सांगते. आता लोक इंदूबाईंना दुसरंच विचारतात, की बाबांना वरून आपलं घर दिसलं होतं काय. त्या म्हणतात, मला काय ठाऊक, मी खाली होते.

मंदाची मी माफी मागितली. ती म्हणाली, "जांव दे काका." आणि त्याच दिवशी दुपारी मी दीड तास घेऊन बसलेल्या एका फोटोतलं विमान तिनं जाता जाता सांगितलं. बरोबर होतं. पोटात दुखलंच. ते थांबलं असं मी म्हणणार नाही, नाहीतर आता हे टिपणही परत लिहावं लागेल.

कामाचं एवढंच शिकलो. जुना फोटो आला की आधी तो आरशात बघावा. आणि ज्याचा हेवा वाटतो त्यानं काही दाखवलं, तर ते त्याच दिवशी तपासावं, टपाल जायच्या आत.